शुगर, मधुमेह आणि ६१६.४६२

मागच्या अंकात मी जाता जाता एक वाक्य लिहून गेले होते, की मेडिकल कॉलेजात हेल्थ इन्फर्मेटिक्स, म्हणजे आरोग्याची माहिती नोंदवायची, शोधायची आणि वापरायची कशी हे शिकवायचं असेल तर लायब्ररीतल्या माणसाला वर्गात उभं करा, नुसतं देवघेव काउंटरवर बसवून ठेवू नका. मला वाटलं कोणाच्या लक्षातही येणार नाही. तर पंधरा दिवसांत मेल काय, पत्रं काय, एका डॉक्टरांनी तर सात मिनिटांची व्हॉइस नोट पाठवली, ती ऐकता ऐकता माझी भाजी खाली लागली. त्यातले सहा प्रश्न घेतलेत. नावं छापत नाही कारण दोघांनी आवर्जून सांगितलंय की आमचे डीनसाहेब हे मासिक वाचतात. मी एकतीस वर्षं मेडिकल कॉलेजच्या लायब्ररीत काढून रिटायर झालेय, त्यामुळे मला आता कोणाची भीती नाही.

प्रश्न : ताई, नमस्कार. मी एका खासगी मेडिकल कॉलेजात ग्रंथपाल आहे, लागून दोनच वर्षं झालीत. डीनसरांनी फर्स्ट इयर पीजीच्या मुलांसाठी हेल्थ इन्फर्मेटिक्सची दोन लेक्चर्स माझ्या नावावर टाकलीत. मी एम.लिब. केलंय, कोडिंग येत नाही, सॉफ्टवेअर म्हणजे लायब्ररीचं कोहा एवढंच माहिती. समोर सगळे डॉक्टर, मला हसतील. खूप घाबरलेय, काय शिकवू? — एक ग्रंथपाल, पश्चिम महाराष्ट्र

उत्तर : अगं, आधी तो कोडिंगचा बागुलबुवा डोक्यातून काढ. इन्फर्मेटिक्स म्हटलं की लोकांना कॉम्प्युटर दिसतो, मला ओपीडीतली आजी दिसते. आजी म्हणते, "मला शुगर हाय." डॉक्टर केसपेपरवर लिहितो टी टू डीएम, म्हणजे टाईप टू मधुमेह. तो पेपर मेडिकल रेकॉर्डला गेला की तिथला माणूस आयसीडी-१० ही आजारांच्या कोडची आंतरराष्ट्रीय यादी बघून त्यावर ई११ टाकतो. हॉस्पिटलचं सॉफ्टवेअर स्नोमेड सीटी हा वैद्यकीय शब्दांचा कोडसंग्रह वापरणारं असेल तर त्यात हाच आजार म्हणजे ४४०५४००६. पबमेडमध्ये, म्हणजे वैद्यकीय पेपर शोधायच्या ऑनलाइन डेटाबेसमध्ये, तो 'डायबेटिस मेलायटस, टाईप टू'. आणि तुझ्या रॅकवर मधुमेहाचं पुस्तक ड्यूईच्या दशांश वर्गीकरणाच्या हिशोबाने ६१६.४६२ वर उभं आहे. आजी एक, आजार एक, आणि नावं बघ किती. ही सगळी नावं एकमेकांना ओळखतात का, एका नावाने शोधलं तर दुसऱ्या नावाखालचं हाती लागतं का, हा इन्फर्मेटिक्सचा पाया आहे, आणि तू बी.लिब.ला वर्गीकरण आणि तालिकीकरण शिकलीस तेव्हा नेमकं हेच शिकलीस, फक्त तेव्हा ते कोणी एवढ्या भारी नावाने सांगितलं नाही.

पहिलं लेक्चर यावरच घे. पीपीटी नको. फळ्यावर मधोमध 'शुगर' लिही आणि मुलांना विचार की तुमच्या तालुक्यात याला काय काय म्हणतात, मग तुमचे सर केसपेपरवर काय लिहितात, मग विमा कंपनीच्या फॉर्मवर काय असतं. फळा भरेल. आणि मग विचार, की समजा गेल्या वर्षभरातले सगळे मधुमेहाचे पेशंट आपल्याच हॉस्पिटलच्या रेकॉर्डमधून काढायचेत, तर काढाल कसे? एवढा वेळ मागच्या बाकावर मोबाईल बघणारा पण मान वर करतो, कारण त्याच्या थिसिसला नेमकं हेच करायचं असतं.

दुसरं लेक्चर शोधण्यावर. इथे मी नेहमी मिश्रीचं उदाहरण द्यायचे, आपल्याकडच्या बायका तंबाखू भाजून दाताला लावतात ती मिश्री. विद्यार्थी पबमेडमध्ये नुसता 'मिश्री' शब्द टाकतो, इंग्रजीत, आणि थोडेसेच पेपर आले की म्हणतो मॅडम यावर कामच झालेलं नाही. झालेलं असतं रे बाबा, पण कोणी एम-आय-एस-एच-आर-आय लिहिलंय, कोणी मधला एच गाळलाय, कोणी मशेरी म्हटलंय आणि कित्येकांनी यातलं काहीच न लिहिता सरळ 'स्मोकलेस टोबॅको' लिहिलंय. म्हणून मेश बघायचं. मेश म्हणजे अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनने १९६० पासून चालवलेली विषय-शब्दांची यादी, प्रत्येक विषयाचं एक ठरलेलं नाव आणि त्याच्या खाली त्याची उपनावं. आपल्या मिश्रीचं घर तिथे 'टोबॅको, स्मोकलेस' मध्ये. तर ते हेडिंग, ऑर (यातलं कुठलंही चालेल) मिश्रीची सगळी स्पेलिंगं, हे एका कंसात. मग अँड (दोन्ही हवेत), आणि दुसऱ्या कंसात तोंडाचा कॅन्सर, तो पण नुसता कॅन्सर नाही, मेशमध्ये कॅन्सरला 'निओप्लाझम्स' म्हणतात.

आणि एक, हे कोणी सांगत नाही. पबमेडमध्ये साधे शब्द टाकले तर ते स्वतःच मागच्या मागे मेशशी जुळवून घेतं, 'हार्ट अटॅक' टाकलं तरी 'मायोकार्डियल इन्फार्क्शन'चे पेपर देतं. पण तुम्ही हुशारी करून शब्दाला अवतरणचिन्हं लावली की ती जुळवाजुळव बंद, मग जसं लिहिलंय तसंच शोधणार. उलट बाजूने, फक्त मेशवर विसंबलं तरी गडबड, कारण पबमेडमध्ये असलेल्या प्रत्येक पेपरला मेशची हेडिंगं लागतातच असं नाही, आणि आपल्याकडच्या बऱ्याच जर्नल्सची गत तीच आहे. म्हणून दोन्ही वापरायचं. हे वर्गात करून दाखव, प्रत्येक वेळी आकडा किती बदलतो ते मुलांना मोठ्याने वाचायला लाव.

हसतील म्हणतेस. माझं पहिलं लेक्चर शनिवारी दुपारी दोनला होतं, मुलं मेसमधून जेवून आलेली, आणि मी चाळीस मिनिटं लेट फी आणि बुक बँकेचे नियम सांगितले होते. दोघं झोपलेले, आणि त्यांचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. तू त्यांच्याच थिसिसचा विषय घेऊन उभी राहा, कोणी झोपत नाही. परीक्षा वगैरे घेऊ नकोस, फक्त एक कागद लिहून घे : कुठल्या डेटाबेसमध्ये शोधलं, कुठल्या तारखेला, नेमके शब्द काय, किती सापडले. सिस्टिमॅटिक रिव्ह्यू, म्हणजे एका प्रश्नावरचे सगळे पेपर पद्धतशीर शोधून घेतलेला आढावा, छापायचा असेल तर तो कसा लिहायचा हे सांगणाऱ्या प्रिझ्मा २०२० च्या नियमांत ही सगळी माहिती, पूर्ण सर्चसकट, द्यावीच लागते, सवय आत्ताच लागलेली बरी.

प्रश्न : मॅडम, तुमचा आदर राखून म्हणतो, हे जरा जास्तच होतंय. हेल्थ इन्फर्मेटिक्स हा डॉक्टर आणि आयटीवाल्यांचा विषय आहे. ग्रंथपालांनी पुस्तकं आणि जर्नल्स नीट सांभाळावीत, ते तरी कुठे धड होतं? — एक फिजिशियन, नाशिक (व्हॉइस नोट)

उत्तर : ही ती भाजीवाली व्हॉइस नोट. डॉक्टरसाहेब, शेवटचं वाक्य खरं आहे, ते मी गिळते. बाकीच्याबद्दल थोडं ऐका.

अमेरिकेच्या सैन्याच्या सर्जन जनरलच्या ऑफिसात एक लायब्ररी होती, ती जॉन शॉ बिलिंग्ज यांनी वाढवली आणि १८७९ मध्ये इंडेक्स मेडिकस सुरू केलं, म्हणजे जगभरच्या वैद्यकीय जर्नल्समध्ये काय छापून आलंय त्याची विषयवार यादी. आता गंमत बघा, बिलिंग्ज स्वतः सर्जन होते, म्हणजे तुमच्याच पंगतीतले. आणि आयटीचं म्हणाल तर जनगणनेची माहिती कार्डांना भोकं पाडून मशीनने मोजावी ही कल्पना हर्मन होलेरिथला याच बिलिंग्जकडून सुचली, हे होलेरिथनेच सांगितलेलं आहे, १८९० ची अमेरिकन जनगणना त्या मशीनवर झाली आणि होलेरिथची कंपनी पुढे जिच्यात मिसळली तिला आज आपण आयबीएम म्हणतो. तर हा विषय डॉक्टरांचा की आयटीवाल्यांचा की लायब्ररीवाल्यांचा, हे तुम्हीच ठरवा, माणूस एकच होता.

पुढे ते इंडेक्स १९६४ मध्ये मेडलार्स म्हणून कॉम्प्युटरवर गेलं, १९७१ मध्ये मेडलाईन झालं, १९९७ मध्ये पबमेड सगळ्यांना फुकट मिळायला लागलं. त्याच १९७१ च्या सुमाराला मिसुरीत, कॅन्सस सिटीच्या युनिव्हर्सिटीत, गर्ट्रूड लँब नावाच्या बाईंनी ग्रंथपालांना डॉक्टरांबरोबर राऊंडला पाठवायला सुरुवात केली. बेडजवळ प्रश्न निघाला की ग्रंथपाल टिपून घेणार आणि पेपर काढून आणून देणार. १९८२ मध्ये निना मॅथेसन आणि जॉन कूपर यांचा अहवाल आला, त्यातल्या मॅथेसन ग्रंथपाल, त्यात स्पष्ट मांडलं होतं की मेडिकल कॉलेजातली सगळी माहिती, जर्नल्सची असो की पेशंटची, एकमेकांशी जोडली पाहिजे आणि त्यात लायब्ररीचं काम मोठं आहे. तुम्ही ज्याला आज इंटिग्रेटेड सिस्टिम म्हणता ना, तेच. आणि १९९२ पासून नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनने वुड्स होलला इन्फर्मेटिक्सचा छोटा निवासी कोर्स चालवला, त्यात डॉक्टर आणि ग्रंथपाल एकाच बाकावर बसायचे. हे मी उगाच अमेरिकेचं कौतुक म्हणून सांगत नाहीये, तिथे भांडणं झाली नसतील असंही नाही, पण तिथे हा प्रश्न निदान विचारून झालाय.

आता एक वाईट गोष्ट. २००१ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स युनिव्हर्सिटीत दम्यावरचा एक अभ्यास चालू होता. त्यात २४ वर्षांच्या एका धडधाकट स्वयंसेवक मुलीला हेक्झामेथोनियम नावाचं औषध श्वासावाटे दिलं, तिची फुप्फुसं निकामी झाली, ती गेली. संशोधकाने आधी शोधलं नव्हतं असं नाही, पबमेड बघितलं होतं. पण तेव्हा तिथलं सगळं १९६६ पासूनचं, आणि हे औषध फुप्फुसाला बाधतं असं सांगणारे पेपर होते १९५० च्या दशकातले, छापील इंडेक्सांमध्ये. डेटाबेस कुठल्या सालापासून सुरू होतो, हा प्रश्न डॉक्टरच्या मनात येत नाही. ग्रंथपालाच्या पहिल्यांदा तोच येतो, कारण त्याने ते जाडजूड खंड पाठीवर वाहिलेले असतात.

आपल्या इथलं सांगू? मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये सर्पगंधा आणि रक्तदाबावरचा पेपर छापला होता, जगाने दखल घेतलेला. तुमचे विद्यार्थी सर्च करताना पहिला फिल्टर कुठला लावतात? 'लास्ट टेन इयर्स'. वकीलसाहेब एका क्लिकला बाद.

मर्यादा मला मान्य आहे. स्टॅटिस्टिक्स, क्लिनिकल डिसिजन सपोर्ट, डिव्हाईसचा डेटा, हे ग्रंथपालाने शिकवू नये, मी पण कधी शिकवलं नाही. पण प्रश्न कसा मांडायचा, कुठे शोधायचं, सापडलेलं खरं की खोटं, कुठे नोंदवून ठेवायचं, एवढं आम्हाला द्या. तुमच्या डिपार्टमेंटच्या जर्नल क्लबला एकदा तुमच्या ग्रंथपालाला बोलवा, चहा पाजा, आणि मग परत व्हॉइस नोट पाठवा. दोन मिनिटांची पाठवा.

प्रश्न : मॅम, मी मेडिसिनची सेकंड इयर रेसिडेंट. थिसिसचा रिव्ह्यू ऑफ लिटरेचर एआयकडून लिहून घेतला, ड्युटीमुळे वेळच नव्हता. गाईडने बावीसपैकी नऊ रेफरन्स सापडत नाहीत म्हणून परत पाठवला. मी तर एकूण एक कॉपी-पेस्ट केलेत. आता काय करू? आणि प्लीज मला अहो-जाहो नको, मी तुमच्या मुलीच्या वयाची आहे. — रेसिडेंट, मुंबई

उत्तर : बाळा, ते नऊ सापडणार नाहीत, कारण ते नाहीतच. एआय वाक्य रचतं तसाच रेफरन्स पण रचतं. लेखकाचं आडनाव खरं, जर्नल खरं, साल पटण्यासारखं, आणि पेपर मात्र जन्मालाच आलेला नाही. मागे एका मुलाने मला असाच एक आणून दाखवला होता, त्यात त्याच्याच एचओडींचं नाव होतं, त्यांना विचारलं तर म्हणाले छान विषय आहे, लिहायला हवा होता मी.

उरलेले तेरा पण तसेच सोडू नकोस. पबमेडमधल्या प्रत्येक नोंदीला एक नंबर असतो, पीएमआयडी. एकेक टायटल टाक, नंबर मिळतो का बघ. मिळाला तर पुढची पायरी, जी जास्त महत्त्वाची : पेपर उघडून बघ की तू त्याच्या नावावर जे वाक्य लिहिलंयस ते त्यात आहे का. बरेचदा पेपर असतो पण म्हणतो भलतंच. तिसरं, वर लाल अक्षरात मागे घेतल्याची सूचना आहे का. लॅन्सेटसारख्या नावाजलेल्या वैद्यकीय जर्नलमधला २०२० चा, कोविडवरच्या हायड्रॉक्सिक्लोरोक्वीनचा पेपर आठव, २२ मेला आला आणि ४ जूनला मागे घेतला, ज्या कंपनीचा डेटा होता तो तपासायलाच मिळाला नाही म्हणून. लॅन्सेटचा! आणि एमएमआर लस आणि ऑटिझमचा १९९८ चा पेपर मागे घ्यायला तर २०१० उजाडलं, तोवर त्याचे रेफरन्स देऊन झालेच होते.

एआय वापरू नको असं मी म्हणणार नाही, म्हटलं तरी कोण ऐकतंय. समानार्थी शब्द काढायला वापर, त्यात ते चांगलं आहे, मिश्रीची पाच स्पेलिंगं ते चटकन देईल. शोध मात्र डेटाबेसमध्ये. आणि रेफरन्स सांभाळणारं झोटेरो हे सॉफ्टवेअर टाकून घे लॅपटॉपवर, फुकट आहे, रेफरन्स हाताने टाईप करणं बंद कर.

अजून एक, यात तुझा दोष नाही : तुमची लायब्ररी संध्याकाळी बंद होत असणार आणि तुला वेळ मिळतो रात्री अकराला. आमच्याकडेही हेच होतं, मी शेवटच्या काही वर्षांत रेसिडेंट्ससाठी आठवड्यातून एकदा वॉर्डच्या ड्युटी रूममध्ये जाऊन बसायला लागले, लॅपटॉप घेऊन, रात्री नऊ ते साडेदहा. ऑफिसकडून ओव्हरटाईम मिळाला नाही, उलट हे कुठल्या नियमात बसतं म्हणून खुलासा मागवला होता. पण तिथे जेवढं शिकवून झालं तेवढं वर्गात कधी झालं नाही. तुझ्या ग्रंथपालांना विचारून बघ, कदाचित कोणी विचारायचीच वाट बघत असतील.

प्रश्न : आमचं ग्रामीण भागातलं खासगी नर्सिंग कॉलेज. डेटाबेस परवडत नाहीत. 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' आलंय ना, त्यात आम्हाला मिळेल का? — नर्सिंग ट्यूटर, मराठवाडा

उत्तर : सध्या नाही. ती योजना १ जानेवारी २०२५ पासून सुरू झाली, ३० प्रकाशकांची साधारण १३,००० जर्नल्स, पण केंद्र आणि राज्य सरकारच्या संस्थांसाठी. खासगी कॉलेज त्यात बसत नाही, वाईट वाटतं पण तसं आहे. तरी हात बांधलेले नाहीत. पबमेड फुकट, त्यात डाव्या बाजूला 'फ्री फुल टेक्स्ट' वर टिक करा. पबमेड सेंट्रलमध्ये तर सगळे पूर्ण लेख. उपचारांवरच्या पुराव्यांचे आढावे काढणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या रिव्ह्यूचा सोप्या भाषेतला सारांश कोणालाही वाचता येतो. लेख नाहीच मिळाला तर लेखकाला दोन ओळींची मेल टाका, पत्ता लेखातच असतो, बहुतेक जण आनंदाने पाठवतात, लोकांना आपलं लिहिलेलं कोणीतरी वाचतंय याचं अप्रूप असतं. जवळच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या ग्रंथपालांना जाऊन भेटा, जाताना पेढे न्या, मी गंमत करत नाहीये.

विद्यार्थिनींना एक खेळ द्या. पेपरात बातमी असते, 'गडचिरोलीत घरोघरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली आणि मृत्यू कमी झाले'. सांगा, याचा मूळ पेपर शोधून आणा. डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांचा तो पेपर लॅन्सेटमध्ये १९९९ मध्ये आला होता. बातमीवरून पेपरपर्यंत पोचायला कोणाला दहा मिनिटं लागतील, कोणाला दोन दिवस, पण पोचलेली मुलगी पुढे कुठल्याही बातमीला विचारते, मूळ कुठंय?

प्रश्न : मी आयुर्वेद कॉलेजात ग्रंथपाल. आमचे विद्यार्थी 'आमवात' शोधतात आणि 'ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस'चे पेपर जोडतात. हे बरोबर का? आणि सोबत एक आमच्या रेकॉर्ड रूमच्या क्लार्कचा प्रश्न, ते म्हणतात आभा नंबर आला, कोड आले, पण आम्हाला कोणी काही शिकवत नाही. — विदर्भ

उत्तर : दोन्ही एकत्र घेते कारण मुळात दोन्ही एकच आहेत, आजाराला नेमकं नाव कुठलं द्यायचं हाच प्रश्न आहे. आमवात म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस असं बरोबरचं चिन्ह देऊन टाकणं ही सोय आहे, सत्य नाही. वैद्य निदान करताना आम, म्हणजे नीट न पचलेल्या अन्नातून झालेला दोष बघतो, रुमॅटॉलॉजिस्ट रक्ताची तपासणी बघतो, काही पेशंट दोन्हीत बसतील, काही नाही. विद्यार्थ्यांना सांगा, दोन्ही शोध वेगवेगळे करायचे, इंग्रजीत आमवाताची जेवढी स्पेलिंगं होतात तेवढी घालून, आणि लेखात हे कोणाचं निदान आहे ते लिहायचं. आयुष रिसर्च पोर्टल पण बघायचं, सगळं पबमेडमध्ये नसतं. आयुष मंत्रालयाच्या नमस्ते पोर्टलवर आयुर्वेदाच्या निदानांचे कोड आहेत, आणि जानेवारी २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आयसीडी-११ मध्ये आयुर्वेद, सिद्ध आणि युनानीच्या निदानांचं वेगळं मॉड्यूल आणलं, त्यामुळे आता 'आमच्यासाठी कोडच नाहीत' हे कारण चालणार नाही.

क्लार्कदादांना नमस्कार सांगा. त्यांना म्हणावं, चौदा आकडी आभा नंबर सांगतो की पेशंट कोण, त्याला काय झालंय ते तुमच्या कोडवरूनच कळणार. तुम्ही घाईत 'इतर' मध्ये टाकलेला पेशंट उद्या कोणाच्याच अभ्यासात सापडणार नाही. स्नोमेड सीटीचं भारतातलं काम पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेकडे आहे, भारत सदस्य देश असल्याने आपल्याला ते वापरायला पैसे पडत नाहीत. आणि तुम्ही ग्रंथपाल म्हणून एक करा, महिन्यातून एक दुपार रेकॉर्ड रूममध्ये बसा, त्यांच्याकडून कोडिंग शिका, त्यांना तुमचं वर्गीकरण शिकवा. मेडिकल रेकॉर्डवाले आणि लायब्ररीवाले एकाच छपराखाली तीस तीस वर्षं काम करतात आणि फक्त गणपतीच्या वर्गणीला भेटतात. विद्यार्थ्यांना तिथे न्याल तेव्हा मात्र खऱ्या पेशंटच्या फायली उघडून शिकवू नका. नाव, नंबर, पत्ता झाकलेले नमुने करून ठेवा. आणि मोबाईल बाहेर, स्क्रीनचा फोटो काढून ग्रुपवर टाकणारा प्रत्येक बॅचमध्ये एक असतोच.

प्रश्न : ताई, मी मेडिकलमधला नाही. तालुक्याच्या गावी 'ब' वर्ग सार्वजनिक ग्रंथालय चालवतो. पेपर वाचायला येणारे ज्येष्ठ लोक मोबाईल पुढे करून विचारतात, "बघ रे, हे काढ्याने शुगर जाते म्हणतात, खरं का? गोळी बंद करू का?" मी काय सांगू? नाही म्हटलं तर त्यांना राग येतो. — ग्रंथपाल, सातारा जिल्हा

उत्तर : दादा, सगळ्यात अवघड प्रश्न तुमचा, कारण मेडिकल कॉलेजात चूक झाली तर वर गाईड असतो, तुमच्याकडे थेट माणूस गोळी बंद करतो.

तुम्ही खरं-खोटं सांगूच नका. ते तुमचं काम नाही आणि तुम्ही डॉक्टर नाही हे तोंडाने म्हणा, त्यात कमीपणा नाही. पण मोबाईल परत देऊन पण टाकू नका. त्यांच्याच शेजारी बसा आणि मोठ्याने विचारत जा, जसं आपण कुठलंही पुस्तक दाखल करताना बघतो तसं : लिहिणाऱ्याचं नाव आहे का? कधीचं आहे? खाली काही विकायला ठेवलंय का? मूळ कुठे छापलंय? चौथ्या प्रश्नाला बहुतेक वेळा तेच म्हणतात, "काय न्हाय रं, असंच हाय." राग येत नाही, कारण तुम्ही नाही म्हणालाच नाहीत. मेडलाईनप्लस म्हणून अमेरिकेच्या त्याच नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनची सामान्य लोकांसाठीची साईट आहे, इंग्रजीत आहे पण सोपी, तिथलं वाचून तुम्ही त्यांना मराठीत सांगू शकता, मात्र सांगताना 'तिथे असं लिहिलंय' म्हणा, 'असं करा' म्हणू नका. गोळीचा विषय निघाला की एकच उत्तर, पीएचसीत किंवा तुमच्या डॉक्टरला विचारल्याशिवाय बंद नाही. चिठ्ठीवर प्रश्न लिहून द्या त्यांना, डॉक्टरसमोर गेल्यावर माणसं विसरतात. "हा काढा घेतला तर माझी कुठली गोळी कमी-जास्त करावी लागेल का?" एवढं एक वाक्य, मोठ्या अक्षरात.

आणि काउंटरवर सगळ्यांसमोर "काय आजोबा, शुगर वाढली काय?" असं ओरडून विचारू नका. देवघेवीच्या रजिस्टरमध्ये कोणी कुठलं पुस्तक नेलं ते पुढचा वाचक सही करताना वाचतो, गावात ते संध्याकाळपर्यंत पसरतं. मूळव्याधीचं, दारू सोडण्याचं, वंध्यत्वाचं पुस्तक त्याच भीतीने रॅकवरच राहतं. ही पुस्तकं तिथेच बसून वाचता येतील असं खिडकीजवळ एक टेबल ठेवा, आणि त्या पुस्तकांना रजिस्टरमध्ये नाव न लिहिता नुसता दाखल क्रमांक टाका. आमच्याकडे तसं केल्यावर वंध्यत्वाच्या पुस्तकाची पानं सहा महिन्यांत सुटली, परत बाइंडिंगला टाकावं लागलं.